सुरेखाकाकूंचं देशांतर

सुरेखाकाकू नदीवरचा पूल ओलांडून डेट्रॉइटहून कॅनडातल्या विंडसरला आल्या, त्या मोठी बॅग, कुकर आणि मिक्सर घेऊनच. शुभदाने दार उघडलं, कुकर पाहिला आणि काकूंच्या मागे नजर टाकली. वीकेंडपुरता येणारा माणूस कुकर आणत नाही.

"काका कुठायत?"

"मिशिगनमध्ये," काकू बूट काढत म्हणाल्या. "मी तो देश सोडला."

काकू म्हणजे शुभदाच्या नवऱ्याच्या, स्वानंदच्या, सख्ख्या काकू. त्या आणि चंद्रकांतकाका नदीपलीकडे, डेट्रॉइटच्या उपनगरात राहत. दोघंही अमेरिकन नागरिक, दोघंही रिटायर्ड. काका रिपब्लिकन, काकू डेमोक्रॅट. पूर्वी हे सगळं मतदानाच्या दिवसापुरतं असायचं. एकाच गाडीतून जायचे, एकमेकांची मतं खोडायचे आणि येताना डोसा खाऊन यायचे. नोकऱ्या सुटल्या, टीव्ही दिवसभर सुरू राहू लागला आणि प्रकरण चिघळलं. काकांनी अंगणात आपल्या उमेदवाराची पाटी रोवली, काकूंनी तिला खेटून आपली रोवली. मग काका लॉन कापताना आपल्या पाटीच्या बाजूचंच गवत कापू लागले.

"परवा जेवताना मला म्हणाले, तुमच्या लोकांना नीतिमत्ताच नाही," काकू सांगत होत्या. "म्हटलं, मग नीतिमत्ता नसलेल्या बाईच्या हातची आमटी कशाला ओरपताय? तर म्हणाले, आमटीचा प्रश्न वेगळा आहे."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी फक्त फॅसिस्ट म्हटलं."

काकूंनी बेसमेंटचा ताबा घेतला. तिथे दिवसभर अमेरिकेच्या बातम्या चालत. जेवणाच्या टेबलावर त्या सगळ्यांची नैतिक तपासणी करत. स्वानंद म्हणाला, की दोन्ही बाजूंचं थोडंथोडं बरोबर असतं. त्यावर काकूंनी त्याला भाजी वाढणं बंद केलं. शुभदाच्या दहा वर्षांच्या मुलीला, केयाला, विचारलं, "तू कोणाच्या बाजूने?"

"आजी, वी लिव्ह इन कॅनडा," केया म्हणाली आणि पोळीत तोंड लपवलं.

पुढच्या शनिवारी काका हजर झाले. हातात संत्र्याच्या ज्यूसच्या बाटल्यांचा क्रेट होता आणि चेहरा उतरलेला. "ती कोलेस्टेरॉलच्या गोळ्या विसरली," ते शुभदाला म्हणाले. "त्या द्यायला आलोय." गोळ्या देऊन झाल्या, तरी ते सोफ्यावरून हलले नाहीत. त्यांनी हॉलमधल्या टीव्हीवर आपलं चॅनेल लावलं.

आता वर काका, खाली काकू आणि मधल्या जिन्यावर चहाचे कप घेतलेली शुभदा. वरच्या टीव्हीवर देश वाचत होता, खालच्यावर तोच देश बुडत होता. एकच माणूस वर संत होता आणि सोळा पायऱ्या उतरल्यावर राक्षस.

"तिला सांग, घरच्या झाडांना रोज पाणी घातलंय मी," काका वरून म्हणाले.

"त्यांना सांग, एवढी माणुसकी माणसांनाही दाखवा," खालून उत्तर आलं.

शुभदा एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटी इंजिनियर होती. आठवडाभर सदोष माल परत पाठवायचं काम करणाऱ्या तिला हे दोन नग कुठे परत पाठवावेत ते कळेना.

रविवारी सकाळी चांगलाच बर्फ पडला. शेजारचा मॉरिस स्नोब्लोअर घेऊन आला आणि न विचारता यांचा ड्राइव्हवे साफ करू लागला. दर वेळी करायचा. मॉरिसच्या ट्रकवर ओटावातल्या, म्हणजे कॅनडाच्या, लिबरल सरकारला शिवी देणारा स्टिकर होता. काकूंनी तो पहिल्याच दिवशी वाचला होता आणि केयाला त्या बाजूने पाठवू नकोस असं शुभदाला बजावलं होतं. काकांनी तो आत्ता खिडकीतून वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"आपला माणूस दिसतोय," असं म्हणून त्यांनी ज्यूसची बाटली उचलली आणि बाहेर पडले.

शुभदाही मागोमाग गेली. मॉरिसने मशीन बंद केलं, बाटलीवरचं लेबल वाचलं आणि बाटली परत काकांच्या हातात ठेवली.

"नो ऑफेन्स," तो म्हणाला. "पण अमेरिकन माल आम्ही घेत नाही. तुम्हा लोकांनी पुरेसं केलंय."

"आम्हा लोकांनी म्हणजे कोणत्या?" काकांनी आशेने विचारलं.

"अमेरिकन्सनी. सगळ्यांनी."

काकांना आयुष्यात बऱ्याच जणांनी बरंच काही म्हटलं होतं, पण असं सरसकट सगळ्यांत कोणी मोजलं नव्हतं. ते मिशिगनची थंडी, टॅक्स, लोकशाही असं काहीतरी बोलू लागले. तेवढ्यात दारातून काकू आल्या. पायात स्वानंदचे बूट, अंगावर शुभदाचा कोट.

"एक्सक्यूज मी," काकू मॉरिसला म्हणाल्या, "या माणसाने चुकीचं मत दिलंय. पण ते ऐकवायचा हक्क माझा आहे, तुमचा नाही."

"आणि हिनेही चुकीचंच दिलंय," काका म्हणाले. "पण तिचं मन चांगलं आहे."

मॉरिसने दोघांकडे पाहिलं. "तुमच्या सरकारने आमच्या मालावर टॅरिफ लावले आणि माझ्या मुलाची कारखान्यातली शिफ्ट गेली," तो म्हणाला. "दोन लहान पोरं आहेत त्याला. तुमच्यापैकी कोणी केलं, तेवढं सांगा."

सवयीने काकूंचा हात काकांकडे वळला. काका बुटांच्या टोकांकडे बघत होते आणि बाटली त्यांनी छातीशी धरली होती, जणू कोणी ती हिसकावणार होतं. काकूंचा हात तसाच खाली आला. ज्या क्षणाची त्या इतकी वाट पाहत होत्या तो समोर उभा होता आणि त्यांना तो नको झाला, हे शुभदाने पाहिलं.

"उपीट केलंय," काकू मॉरिसला म्हणाल्या. "आत या."

"त्यात अमेरिकन काही आहे?"

"रवा इथलाच, ब्रॅम्प्टनचा आहे," शुभदा म्हणाली.

मॉरिस आला, दोनदा उपीट घेतलं आणि मग ओटावाचं सरकार, कार्बन टॅक्स आणि टोरोंटोची माणसं यांच्यावर असा काही तुटून पडला, की काका-काकूंनी एकमेकांकडे बघितलं. तो गेल्यावर काका म्हणाले, "जरा टोकाचा आहे."

"जरा?" काकू म्हणाल्या. "ऐकूनच घेत नाही कोणाचं."

किती दिवसांनी दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं. जेवणानंतर काकूंनी कुकर आणि मिक्सर काकांच्या गाडीत ठेवले. निघण्याआधी जेवताना स्वानंदला आग्रहाने भाजीही वाढली होती.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. त्या हसत होत्या, त्यामुळे शुभदाला आधी नीट कळेचना. पुलावर अमेरिकेच्या बाजूला सीमेवरच्या ऑफिसरने विचारलं होतं, कॅनडात कशासाठी गेला होता? काका म्हणाले, फॅमिली व्हिजिट. त्याच वेळी काकू म्हणाल्या, पोलिटिकल असायलम. ऑफिसरने गाडी बाजूला घ्यायला लावली, बॅगा उघडल्या आणि कुकरची शिट्टीसुद्धा तपासली.

"आणि हे इतके चिडले," काकू म्हणाल्या. "आयुष्यभर सीमा कडक करा म्हणणारा माणूस, त्या पोराला म्हणतो, नागरिकांना अशी वागणूक देता?"

"मग?"

"मग काय, मी त्या ऑफिसरची बाजू घेतली. म्हटलं, बिचारा आपलं काम करतोय."

मागून काका काहीतरी ओरडले.

"थांब गं," काकू म्हणाल्या, "यांना जरा उत्तर देऊन येते." आणि फोन चालूच ठेवून त्या गेल्या.

शुभदाने थोडा वेळ ऐकलं. मग तिने फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला आणि पोळ्यांची कणीक मळायला घेतली.