विचारलं तरच सांगायचं

मित्रांनो, मी एक जुना काउंटर आहे, अक्रोडाच्या लाकडाचा. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात, हेझल फोर्क गावी, औषधवाल्या डेल्बर्टच्या आजोबांनी आपल्या दुकानासाठी मला स्वतः रंधा मारून घडवलं. आज ते औषधांचं दुकान बंद आहे. माझ्यावर धूळ साचते, आणि फडका मारायलाही कोणी येत नाही. फार एकटं वाटतं हो.

एके काळी माणसं माझ्यावर कोपरं टेकून खोकत खोकत शिकारीच्या थापा मारायची. ऑर्फामावशी नवऱ्याच्या, व्हर्जिलच्या, हृदयाच्या गोळ्या न्यायला यायची. विम्याचं कार्ड ऐटीत माझ्यावर ठेवायची. "खाणीत उमर घालवून मिळवलंय त्याने!"

त्या कार्डावर गोळ्यांचा जो वाटा तिला स्वतः भरावा लागे, तोच महाग पडे. कार्ड न दाखवता गोळ्या रोख घेतल्या, तर त्याच्या निम्म्याहूनही कमी पैसे लागत. पण विमा कंपनी आणि दुकान यांच्यामध्ये एक दलाल कंपनी बसली होती. तिचा करारच तसा होता, गिऱ्हाइकाने विचारलं तरच सांगायचं. आपण होऊन सांगितलं तर करार रद्द, आणि गावातली बहुतेक कार्डं तिच्याच हातात, म्हणजे दुकानच बसलं असतं.

डेल्बर्ट बिचारा आडून आडून सुचवायचा.

"मावशी, काही विचारायचंय का मला?"

"बायको बरी आहे ना तुझी?"

"आहे. आणखी काही?"

"आणखी काय, भाव? मी काय घोडा घ्यायला आलेय?"

आमच्याकडे कार्डवाल्याने भाव विचारणं कमीपणाचं. माझा कोणाशीच करार नव्हता, पण मला तोंड कुठे होतं?

मग राज्याने कायदा केला, की औषधवाल्याचं तोंड कोणी बांधायचं नाही. मावशी आली तशी डेल्बर्टने तिला सगळं सांगून टाकलं. त्याला वाटलं, ती खूश होईल.

"हे तुला आज कळलं?"

"नाही मावशी. आधीपासून माहीत होतं. पण करार..."

"गोळ्या पुराव्यात म्हणून हिवाळाभर मी व्हर्जिलला अर्धी अर्धी दिली रे. आता त्याला जिना चढवत नाही." तिने रोख पैसे माझ्यावर ठेवले. "आम्ही विचारत नव्हतो, कारण तू सांगशील असं धरून चाललो होतो."

ती पुन्हा आली नाही. गावात ही गोष्ट पसरली. हळूहळू सगळे डोंगरापलीकडच्या दुकानात जाऊ लागले. डेल्बर्ट काही दिवस माझ्यामागे नुसता उभा राहायचा. नंतर तोही दुकानाला कुलूप लावून गेला.

मित्रांनो, लाकडाची निगा राखा असं मी म्हणत नाही. दुकानात गेलात की खुशाल भाव विचारा, त्यात लाज कसली? आणि कधी माझ्यासारख्या काउंटरच्या आतल्या बाजूला उभं राहायची वेळ आली, तर समोरच्याने विचारायची वाट पाहू नका.