पाहुण्यांचा पास

"आजी, आज नाही. आज पाहुणे येणारेत," वॉचमन म्हणाला.

"मग ह्याच्या पोटाला सांग बाबा, पाहुणे येणारेत म्हणून!" म्हातारीने कडेवरचा नातू पुढे केला. नातवाने भोकाड पसरलं.

वॉचमनला सगळा कारखाना मामा म्हणायचा. शिलाई खात्यातली एक बाई बाळंतपणानंतर कामावर परतली, तेव्हापासून तिची सासू जेवणाच्या सुट्टीत बाळाला गेटवर आणायची. बाहेर उघडा रस्ता, आडोसा नाही. म्हणून बाई मामाच्या केबिनमध्ये बसून पाजायची आणि मामा पाठ फिरवून उन्हात उभा राहायचा. हे नियमात बसत नव्हतं, पण कुणाचं अडतही नव्हतं.

तशी पाजण्यासाठी खास खोली होती, वरच्या मजल्यावर, ऑफिसातल्या बायकांसाठी. सोफा, पडदा, छोटा फ्रिज. कामगारांच्या कार्डाने ते दार उघडत नसे. बाईने एकदा विचारलं, तर 'बघू' म्हणाले. ते बघणं अजून चालूच होतं.

आज कारखाना बघायला पाहुणे येणार, म्हणून साहेबांनी केबिन मोकळी ठेवायला सांगितली होती. बाईचं दूध आधीच कमी होत चाललेलं. पाजणं चुकलं तर बाळ बाटलीला लागेल, ही तिला धास्ती. मामा काही बंडखोर नव्हता. साहेबांची गाडी दिसली तरी तो टोपी सारखी करून ताठ उभा राहायचा. पण रडणं ऐकवेना. त्याने पाहुण्यांसाठी ठेवलेला एक पास काढून म्हातारीच्या गळ्यात घातला. त्या पासाने सगळी दारं उघडत.

"वरच्या खोलीत जा. सुनेला पाठवतो. कुणी हटकलं तर..."

"पाहुणी आहे म्हणते. नोकर थोडीच आहे मी तुमची!"

थोड्या वेळाने साहेबांनी पाहुण्यांना खोली दाखवायला दार उघडलं, तर सोफ्यावर बाई पाजत बसलेली. साहेबांचा चेहरा उतरला, पण पाहुणे हरखले.

"कामगार बायकांनासुद्धा? वा!"

साहेब लगेच सावरले. "अर्थात!" म्हणाले. बाईने कपडे नीट करेपर्यंत फोटो निघालासुद्धा.

दुसऱ्या दिवशी पास साहेबांच्या कपाटात गेले आणि केबिनमध्ये कॅमेरा बसला. मामाची नोकरी कशीबशी वाचली. म्हातारी काही दिवस गेटपर्यंत येऊन परत गेली, मग यायचीच थांबली.

महिन्याभराने गेटच्या भिंतीवर भलामोठा फलक लागला. बाई, बाळ, सोफा. खाली लिहिलेलं, 'इथे प्रत्येक आईची काळजी घेतली जाते.' सुट्टीत बाई त्याच्यापुढे थबकली.

"बाळ कसं आहे गं?" मामाने विचारलं.

"बरं आहे. बाटलीवर आहे आता. मी जवळ घेतलं की तोंड फिरवतं."

मामाला वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. आपण त्या दिवशी गप्प बसलो असतो तर निदान केबिन तरी राहिली असती.

"मामा, ह्या फोटोची एखादी प्रत मिळेल का हो?" बाई म्हणाली. "पाजतानाचा दुसरा फोटोच नाही माझ्याकडे."

"विचारून बघतो," मामा म्हणाला. कुणाला विचारायचं, ते त्याला ठाऊक नव्हतं.