पाणीघरातली पिवळी चिठ्ठी

मी एक जुनी चिठ्ठी आहे. तळहातापेक्षाही लहान, पिवळी, एका कोपऱ्याला चहाचा डाग पडलेली. माझ्यावर निळ्या शाईत एकच शब्द आणि चार आकडे लिहिलेले आहेत. त्यांच्यामुळे एक अख्खं शहर दोन दिवस कोरडं पडलं. मित्रांनो, ही गोष्ट सांगताना माझी मान वर होत नाही, तरी सांगते.

माझा जन्म शंभर बहिणींच्या गठ्ठ्यात झाला. कुणाच्या नशिबी फोन नंबर आला, कुणाच्या नशिबी किराणा. मला फाडलं ते शहराच्या पाणीपुरवठा केंद्रातल्या मुख्य अभियंत्यांनी. सगळे त्यांना काका म्हणत. केंद्रातले सारे पंप आणि टाक्यांच्या झडपा एका संगणकावरून चालत, आणि त्याचा पासवर्ड दर महिन्याला बदलायचा, असा वरून हुकूम होता. पाळीवरच्या चौघांपैकी कुणालाही तो आठवत नसे. शेवटी काका वैतागले. एकच पासवर्ड कायमचा ठरवला, माझ्यावर लिहिला आणि मला पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवलं.

"घ्या! आता डोकं शिणवू नका," ते म्हणाले.

चौघांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांनी मी फुगले, खोटं कशाला बोलू? सहा वर्षं मी तिथे मिरवले. सकाळी पाळी बदलली की येणारा पहिली नजर माझ्याकडे टाकायचा. मला वाटायचं, डोंगरातलं पाणी माझ्याच परवानगीनं खाली उतरतं, टाकीत विसावतं आणि नळातून जागं होतं.

आमच्याकडे एक म्हातारे पंपवाले होते, पंपदादा. यंत्रांना तेल घालताना ते गुणगुणत,

"पाणी चाललं घरोघरी, नाही पुसत कुणाचं नाव,
ज्याची ओंजळ पुढं आली, त्या ओंजळीत त्याचा गाव."

बाहेर पहारा कडक होता. उंच भिंत, वर काटेरी तार, फाटकावर बंदूकवाला. काकांचा घरी राहिलेला डबा त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, आणून दिला, तर तोही उघडून बघितल्याशिवाय आत यायचा नाही. आणि आत मी, दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर!

हे पहिल्यांदा खटकलं ते नव्यानं आलेल्या एका ऑपरेटर मुलीला. प्रत्येक गोष्टीत तिला शंका, म्हणून सगळे तिला शंकाताई म्हणायला लागले.

"काका, पासवर्ड असा उघडा?"

"अगं शंके, कुंपणावर मांजर आलं तरी पहारेकरी हटकतो. इथे कोण येतंय?"

"पण घरून लक्ष ठेवता यावं म्हणून तुम्ही इंटरनेटवरून या संगणकात शिरायची सोय ठेवलीय ना? मग यायला फाटक कशाला लागतंय?"

"तू आधी चहा घे," काका हसले. सगळेच हसले. तिनं एकदा मला काढून खणात ठेवलंही, पण दुसऱ्या पाळीवाल्यानं आदळआपट केली आणि मला दुहेरी चिकटपट्टी लावून परत जागेवर बसवलं. मला काय आनंद झाला होता! जिनं मला लपवलं तिलाच मी वैरीण समजत होते.

मग पंपदादा निवृत्त झाले. निरोपाचा समारंभ आमच्याच खोलीत झाला. काका म्हणाले, "यंत्रांसमोर उभे राहा, दादा. फोटोत तुमचं काम दिसू दे." सगळे दाटीवाटीनं उभे राहिले. दादांच्या कोपराजवळून मीही डोकावत होते. आयुष्यातला पहिला फोटो! तो त्याच दिवशी केंद्राच्या इंटरनेटवरच्या पानावर झळकला. शेकडो लोकांनी कौतुक केलं.

कौतुक न करता बघणारं कुणीतरी फार लांब बसलं होतं. त्यानं दादांचा भरून आलेला चेहरा पाहिला नाही. त्यानं फोटो मोठा केला, आणखी मोठा केला आणि मला वाचलं.

नवव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास, शंकाताई पाळीवर होती. तिनं माउसवरून हात उचलला, तरी पडद्यावरचा बाण आपोआप चालत होता. एक पंप बंद झाला. मग दुसरा. मग टाक्यांच्या तळाच्या झडपा उघडायला लागल्या आणि पिण्याचं पाणी धो धो नाल्यात जाऊ लागलं. ती किंचाळली, संगणकाची वायर उपटली आणि जिने उतरत टाक्यांकडे धावली. झडपा बंद करायची, हातानं फिरवायची लोखंडी चाकं कित्येक वर्षांत कुणी फिरवली नव्हती. तिनं ती फिरवली. तळहात सोलले, पण तिसरी टाकी वाचली.

दोन टाक्या रिकाम्या झाल्या, नळ दोन दिवस कोरडे राहिले; तिसरीतलं पाणी टँकरनं पिण्यापुरतं वाटलं. शाळा बंद राहिल्या. इस्पितळात डायलिसिसवर असलेल्या अकरा जणांना घाईघाईनं दुसऱ्या शहरात हलवावं लागलं. कुणी दगावलं नाही, हे आमचं नशीब.

धापा टाकत काका खोलीत आले. सर्वात आधी त्यांनी काय केलं असेल? मला ओरबाडून काढलं आणि शर्टाच्या खिशात कोंबलं. त्यांचं काळीज माझ्या पाठीवर धडधडत होतं.

दुपारपर्यंत मोबाइलवर संदेश फिरायला लागले. हल्ला सरहद्दीपलीकडून झालाय, आतल्याच माणसाच्या मदतीनं. पाळीवर कोण होतं? ती. तिचा मामा कुठे राहतो? सरहद्दीपलीकडे. झालं! एवढं पुरलं. जिनं टाकी वाचवली तिलाच चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. तिच्या घराच्या भिंतीवर कुणीतरी काळ्या रंगात लिहिलं, 'घरभेदी'. ज्या शहराच्या पाण्यानं कधी कुणाचं नाव पुसलं नाही, ते शहर तिच्या मामाचा पत्ता विचारत होतं. लांब बसलेल्या त्या माणसानं फक्त पंप बंद केले होते. पुढचं काम आम्ही घरच्यांनीच त्याला फुकट करून दिलं.

आणि मी? मी खिशात होते. काका शर्ट बदलत आणि मला या खिशातून त्या खिशात हलवत. फाडून टाकायचं धाडस होत नव्हतं, दाखवायचंही होत नव्हतं.

पाणी गेल्यापासून दहाव्या दिवशी काकू कपडे धुवायला काढत होत्या. खिसे चाचपताना मी त्यांच्या हाती लागले. त्यांनी मला उलटसुलट पाहिलं, मग मोबाइल काढला. निरोपाचा फोटो त्यांनी जपून ठेवला होता. त्यांनी तो मोठा केला.

"अहो, इकडे या."

काका आले.

"हे त्या फोटोत दिसतंय. पिवळं. अक्षरसुद्धा तुमचंच."

"माझी दोनच वर्षं राहिलीत गं नोकरीची."

"आणि तिची? तिचं सगळं आयुष्य राहिलंय. ती पोर दाराला कडी लावून बसलीय, आणि तुम्ही रोज इस्त्रीचे शर्ट घालताय!"

काका पलंगाच्या कडेवर बसले. "लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतायतच. फक्त चुकीच्या माणसाला म्हणतायत." काकूंनी मला त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि बोटं मिटवली.

दुसऱ्या दिवशी नगरभवनात उघडी सुनावणी होती. ज्याला ऐकायचं त्यानं यावं, असा आमच्याकडचा कायदा, आणि सभागृह खच्चून भरलेलं. शंकाताई एका टोकाला बसली होती, हातांना अजून पट्ट्या. तिच्या बाजूच्या दोन खुर्च्या रिकाम्या होत्या.

काका उठले. मला टेबलावर ठेवलं.

"ही चिठ्ठी मी लिहिली. बाहेरची वाट मी उघडी ठेवली. फोटो मी काढायला लावला. या मुलीनं मला बजावलं होतं, मी तिला चहा घ्यायला सांगितलं. तिच्यामुळे त्या दोन दिवसांत तुमच्या घरी प्यायला तरी पाणी होतं."

मामाचा पत्ता विचारणारे जमिनीकडे बघू लागले. शंकाताईनं मला पाहिलं, मग काकांना.

"काका, त्या दिवशीच का नाही बोललात?"

एवढंच. अकरा दिवस त्या एका प्रश्नात उभे होते. मला टेबलाच्या फटीत शिरावंसं वाटलं.

आता मी एका पारदर्शक पाकिटात राहते. काकांनी नोकरी सोडली. शंकाताई नव्या ऑपरेटरांना शिकवते आणि पहिल्या दिवशी मला दाखवते. मुलं हसतात. "इतका सोपा पासवर्ड?" तीही थोडी हसते. पण तिच्या घराच्या भिंतीला दोनदा रंग दिला, तरी पावसाळी ओल आली की तो काळा शब्द खालून उमटतो, हे तिनं एकदा कुणाला तरी सांगताना मी ऐकलं.

मित्रांनो, माझ्यावरचा शब्द आता कुठलंच कुलूप उघडत नाही. तो बदलायला पाच मिनिटं लागली. भिंतीवरचा शब्द मात्र अजून जात नाही. म्हणून एवढंच मागते. जे जपायचं ते माझ्यासारखं चव्हाट्यावर टांगू नका. शंका विचारणाऱ्याला हसून गप्प करू नका. आणि हातून चूक झालीच, तर मला खिशात घालू नका. त्याच दिवशी टेबलावर ठेवा.