नाव गुप्त ठेवा: होय

“आजपासून झाडीपट्टीच्या रंगभूमीवर खोट्याचा पडदा कायमचा पडला!” मुखरूभाऊंनी माईकवर जाहीर केलं आणि सतरंजीवर बसता बसता सुनिलच्या कानात विचारलं, “वेबसाइटवर माह्यं वय बेचाळीसच टाकलं ना?”

भाऊ एकसष्टचे. वडशाच्या नाटक कंपनीचे मालक तेच आणि हिरोही तेच. दिवाळीनंतरचे प्रयोग ठरवायला गावोगावची मंडळं भर दुपारी तालमीच्या हॉलमध्ये जमली होती. यंदाही हिरो आपणच, हे त्यांच्यासमोर पब्लिककडून वदवून घ्यावं, म्हणून भाऊंनी सुनिलला नव्या वेबसाइटवर अभिप्रायाचा फॉर्म ठेवायला लावला होता. लोकांनी खरं बोलावं यासाठी खाली एक चौकोनही होता: ‘नाव गुप्त ठेवा’.

“वाच रंजीता, लोकायचं प्रेम!”

रंजीता कंपनीची निवेदिका. प्रयोग चालू असताना प्रेक्षकांनी दिलेलं इनाम नावगावासकट पुकारायची तिला सवय. समोर येईल ते ती त्याच खणखणीत आवाजात वाचते. लॅपटॉपवरचंही तिनं तसंच पुकारलं.

“नाव: दसरू पेटीवाले! गाव: वडसा! मोबाईल नंबर...” दहाही आकडे झाले. “नाव गुप्त ठेवा: होय! अभिप्राय: हिरो म्हातारा झाला. हिरोइनीपुढं गुडघा टेकते तं लोकायले वाटते, सासरा चक्कर येऊन पडला. त्याले बापाचं काम द्या!”

मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. इनामाची सवय.

कंपनीचा पेटीवादक दसरू तिथंच पेटीमागं बसला होता. तिथल्या तिथं जेवढं लपता येईल तेवढा लपला. “सुनिल, लेका, त्या चौकोनावर टिचकी मारली होती ना म्या!”

“मारली ना दसरूभाऊ. ते बी दिसून राह्यलं ना.” सुनिलला त्यात काही वावगं वाटेना. “माह्यी स्क्रिप्ट फॉर्ममधून जे येते ते जसंच्या तसं पानावर टाकते. चौकोन पाहून नाव गाळाचं, तेवढं लिहाचं राह्यलं.”

भाऊंना स्क्रिप्ट कळली नाही, दसरू मात्र कळला. रोज सकाळी चहाला येऊन “काल काय दिसत होता गा!” म्हणणारा हाच. पोरपणापासूनचा दोस्त.

“तोंडावर हिरो, अन् कम्प्युटरात सासरा?” भाऊंचा आवाज चिरकला. “मले सांगता नाई आलं?”

“सांगतलं असतं तं तू पेटीवाला बदलवला असता.”

“अरे, त्या गुडघा टेकाच्या गाण्यात तू पेटी रंगवते, पब्लिक टाळ्या देते... मले वाटे, माह्यासाठी वाजवते!”

“तुह्यासाठीच ना गा. गुडघ्यावरून उठाले तुले वेळ भेटावा म्हणून एक आलाप जास्तीचा वाजवतो. यंदा दोन लागतीन.”

नागभीडकडच्या मंडळाचा माणूस खाकरला. “भाऊ, मंग हिरो कोण धराचा? पोस्टर छापाचे हायेत.”

भाऊ बसल्या जागी ताठ झाले. त्यांनी तिसऱ्या अंकातला आवाज लावला. “दसरू! आपली दोस्ती इथीच संपली! दगाबाजाच्या समोर हा मुखरू एक क्षण बसणार नाई. हा उठलो!”

सगळ्यांनी वाट पाहिली.

भाऊंनी एक हात सतरंजीवर टेकला. मग दुसरा. सुनिल मदतीला सरसावला, त्याला त्यांनी नजरेनंच खाली बसवलं. पुन्हा एकदा जोर लावून पाहिला. मग पेटीच्या बाजूला थोडं झुकून, ओठ न हलवता ते पुटपुटले,

“दसरू, तेवढा आलाप वाजव ना गा.”