कोरडी शेड

"फुंका, फुंका, फुंका... सोडू नका, अजून, अजून, अजून..."

सर्वे करणारी बाई हे अशा तालात म्हणायची की दगड कापायच्या त्या शेडमध्ये तिचं नावच फुंकताई पडलं होतं. समोर बाकावर बसलेल्या माणसाने नळी दातांत घट्ट धरली होती आणि तो एकसारखा फुंकत होता. तीन सेकंद, पाच, सहा. शेवटी तिचाच आवाज आधी थकला. यंत्रावर आकडा उमटला: पावणेपाच लिटर.

तिने नळी बदलून पुन्हा फुंकायला लावलं. तेवढाच आकडा. तिसऱ्यांदा तर थोडा जास्तच.

टॅबलेटवर, त्याने दाखवलेल्या ओळखकार्डापुढे आधीच्या दोन फेऱ्यांचे आकडे होते. वर्षापूर्वी अडीच, सहा महिन्यांपूर्वी दोन. डोक्यावरचे गेलेले केस एक वेळ परत येतील, पण दगडाच्या धुळीने खाल्लेला श्वास परत येत नाही, हे तिला प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"झालं का ताई?" माणूस घाईने उठला.

"संमतीचा अंगठा राहिला."

त्याने शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, कागदावर टेकवला आणि बाहेरच्या घोळक्यात मिसळून गेला. घोळक्यात सगळेच डोक्यापासून पायापर्यंत पांढरे होते. कोण कुणाचा भाऊ आणि कोण कुणाचा सासरा, ते त्यांच्या आईलाही ओळखू आलं नसतं.

तिने कागद उजेडात धरला. दगड घासून घासून पॉलिशवाल्यांच्या अंगठ्यावरच्या रेघा पार जातात. आधीच्या दोन्ही कागदांवर या कार्डापुढे नुसता काळा डाग होता. आज मात्र एकेक रेघ मोजून घ्यावी इतका स्वच्छ ठसा उमटला होता.

कार्ड गवईचं होतं. तो काही खरा गवई नव्हे. पॉलिशच्या मशीनवर आवाज चढवून गायची त्याला सवय होती, म्हणून लोक तसं म्हणत. हल्ली तो गात नव्हता.

अभ्यास तसा सरळ होता. सहा शेडमध्ये कटरच्या पात्यावर पाण्याचे फवारे बसवले होते, धूळ जागच्या जागी बसावी म्हणून. सहा शेड मुद्दाम कोरड्या ठेवल्या होत्या. दोन्हीकडच्या माणसांचा श्वास आणि कामाचे दिवस दर सहा महिन्यांनी मोजायचे. पाण्याने फरक पडतो हे आकड्यांनी दाखवून दिलं, तर फवारे सगळीकडे सक्तीचे होणार होते. मालक लोक त्या सक्तीच्या विरोधात टपूनच बसले होते. ही शेड कोरडी होती. कोरड्या शेडमधल्या माणसाचा श्वास सहा महिन्यांत दुप्पट झाला, तर मालकांना आणखी काय हवं?

तिने संध्याकाळी बसून या फेरीचे सगळे कागद चाळले. रेघांचे अंगठे अकरा निघाले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी ती घरच्या प्रश्नावलीचं निमित्त करून गवईच्या घरी गेली. दार उघडलं ते पार्सल पोचवणाऱ्या कंपनीचा शर्ट घातलेल्या एका तगड्या माणसाने. तिला बघताच त्याचा चेहरा उतरला.

"दादा आहेत?"

"आहे की," असं म्हणून तो चपला पायात सरकवत तिच्या बाजूने बाहेर पडला. जिना तो दोन-दोन पायऱ्या गाळून उतरला. तिला तो श्वास ओळखीचा वाटला.

गवई भिंतीला दोन उशा लावून बसला होता. आडवं झालं की त्याला दम लागत असावा. बायकोने स्टूल पुढे केलं, पाणी आणलं, आणि ती दाराच्या चौकटीत उभी राहिली.

"दादा, परवा तुम्ही फुंकायला आला नव्हतात."

गवई हसला. हसता हसता खोकला, आणि तो खोकला बराच वेळ थांबला नाही.

"आलो असतो तर तुमचं यंत्र लाजलं असतं," तो म्हणाला.

"थट्टा नका करू. असं का केलंत? आकडा कुणाला कळत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

नवराबायकोने एकमेकांकडे बघितलं. शेवटी बायकोच बोलली.

"ताई, गेल्या वेळी तुमचं मोजून झालं आणि आठवड्याच्या आत कटरवाल्या म्हाताऱ्याला मुकादमाने काढलं. म्हणाला, तुझा आकडा कमी आलाय, उद्या शेडमध्ये मेलास तर मला निस्तरावं लागेल. मागोमाग खोकणारे दोघे काढले. मुकादमाला आकडा कुणी सांगितला, देव जाणे. तुमच्या ऑफिसातलंच कुणीतरी असेल."

"यांच्याबद्दल काही म्हणणं नाही हो," गवई मध्येच म्हणाला. "ताई नियमाच्या पक्क्या आहेत. पण पोटावर पाय आला की माणूस वाट काढतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझी मूठ म्हणजे माझा धाकटा भाऊ."

फुंकताईने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

गेल्या फेरीत तो म्हातारा तिच्यासमोर सव्वा लिटरवर येऊन थांबला होता. डोळ्यांत पाणी, ओठ निळे. तिला राहवलं नव्हतं. निघताना ती मुकादमाला बाजूला घेऊन म्हणाली होती, "त्या बाबांना जरा धुळीपासून लांबचं काम द्या. त्यांचा श्वास फार कमी आहे." मुकादमाने हात जोडले होते. बरं झालं सांगितलंत, म्हणाला होता. ती त्या दिवशी घरी जाताना स्वतःवर खूश होती. या फेरीत म्हाताऱ्याच्या नावापुढे 'कामावर नाही' या चौकोनात तिनेच खूण केली होती आणि तिला काहीही वाटलं नव्हतं.

तिने फोन काढला. खिडकीशी गेली, कारण खोलीला दुसरा कोपरा नव्हता. अभ्यास चालवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच घंटीला फोन उचलला.

"बोल. आकडे अपलोड का नाही केलेस?"

"मॅडम, तिसऱ्या फेरीतले काही आकडे खोटे आहेत. माणसांनी आपल्या जागी दुसऱ्यांना फुंकायला बसवलं."

"का पण?"

"गेल्या फेरीतला एक आकडा मुकादमापर्यंत गेला. त्यावरून तिघांचं काम गेलं." ती थांबली. "तो माझ्या तोंडून गेला, मॅडम. मीच सांगितला."

मागे चौकटीत बांगड्यांचा आवाज झाला. तिने वळून बघितलं नाही.

मॅडम रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्या थेट कामाचं बोलल्या.

"तुझं काय ते नंतर बघू. ज्यांचे आकडे खोटे आहेत, त्यांची नावं दे. तेवढी काढते. बाकी शेड वाचेल."

"नावांचं काय होईल?"

"कागदपत्रांत राहतील. अभ्यासावर देखरेख करणाऱ्या समितीला कारण द्यावं लागतं. समितीवर मालकांचेही दोघे आहेत, तुला ठाऊक आहे."

गवई उशीवरून पुढे झुकून तिच्याकडे बघत होता. एकदा तोंड उघडून तिने तीन माणसांना घरी बसवलं होतं. पुन्हा उघडायचं नाही, एवढं एकच तिच्या मनात आलं.

"नावं नाही देणार, मॅडम."

"मग मला अख्खी शेड काढावी लागेल. खरे कोणते, खोटे कोणते, कसं कळणार? आणि ही शेड गेली तर कोरड्या बाजूला माणसंच पुरत नाहीत. फवाऱ्याबद्दल मग काहीच सांगता येणार नाही. कळतंय का तुला मी काय म्हणते?"

"कळतंय."

"यंत्र सोमवारी ऑफिसात जमा कर."

फोन ठेवल्यावर ती वळली. बायकोने तिच्यापुढचा पेला उचलून आत नेला होता. गवईने मात्र आवाज चढवला नाही; चढवायला तो उरलाही नव्हता.

"म्हणजे तुम्हीच," तो म्हणाला.

"हो. बाबांचं भलं व्हावं म्हणून बोलले. मला माफ करा म्हणायचीही लाज वाटते, दादा."

"म्हाताऱ्याला सांगा ते. मला काय सांगता?" तो दम घेण्यासाठी थांबला. "आणि आता काय झालं? शेड काढली म्हणजे? आमची शेड बंद?"

"शेड नाही बंद. अभ्यासातून काढली. तुमच्या शेडचं एकही पान अहवालात येणार नाही."

"माझे आधीचे दोन आकडे? ते तर माझे होते."

"तेही नाही."

"आणि ते पाणी? आमच्याकडे बसणार होतं ते?"

तिने नकारार्थी मान हलवली. गवईने भिंतीकडे बघितलं, मग बायकोकडे, जी आता पुन्हा चौकटीत येऊन उभी होती.

"तेलही गेलं, तूपही गेलं," तो म्हणाला, आणि या वेळी त्याला हसू आलं नाही. "आम्ही लपलो ते मुकादमापासून, ताई. तुमच्या कागदापासून नव्हे. म्हटलं, बाकीच्या तीस जणांचे खरे आहेतच की. त्यांच्यावर पाणी येईल, आपल्यालाही मिळेल. आता बघणाऱ्याला वाटेल, या शेडमध्ये माणसंच नव्हती."

"मी नावं दिली असती तर तुमचं काम..."

"मला विचारलंत का?"

ती इथेच, त्याच्या खोलीत उभी होती आणि तिने त्याला विचारलं नव्हतं, हे तिला त्याच्या तोंडून ऐकावं लागलं. दुसऱ्यांदा तिने कुणाचं तरी भलं परस्पर ठरवून टाकलं होतं.

ती बॅग उचलून निघाली. दारापाशी थांबून म्हणाली, "दादा, छातीच्या दवाखान्यात जा. इतके दिवस अभ्यासाच्या नियमामुळे मला हे सांगायची मनाई होती. पुढे ढकलू नका."

"बसा," गवई म्हणाला.

त्याने पाय खाली सोडले, पाठ ताठ केली आणि हात पुढे केला.

"यंत्र काढा."

"त्याचा आता काही उपयोग नाही, दादा. टॅबलेटवर तुमची शेड उघडणारसुद्धा नाही."

"काढा म्हणतो ना. भावाने फुंकलं, आता मी फुंकतो."

तिने यंत्र काढलं आणि नवी नळी बसवली. त्याने ती दातांत धरली. "फुंका," ती एकदाच म्हणाली; पुढचा ताल तिने धरला नाही. तेव्हा बायको पुढे आली, नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणू लागली, "फुंका, अहो, फुंका, सोडू नका, अजून, अजून..."

दोन सेकंदांत श्वास संपला. खोकल्याची उबळ आली आणि ती ओसरल्यावर तिघांनी यंत्राकडे बघितलं. यंत्रावर दीडसुद्धा पुरता भरला नव्हता.

"हे आता लिहिणार कुठे?" बायकोने विचारलं.

फुंकताईने बॅगेत कोरा कागद शोधला. तो मिळाला, पेनही मिळालं, पण कागदाच्या डोक्यावर काय लिहायचं ते तिला सुचेना.

"तीनदा मोजता ना तुम्ही?" गवई म्हणाला, आणि दुसऱ्या नळीसाठी त्याने हात पुढे केला.