बुचाआड राहिलेले शेरभर तेल

मित्रांनो, गोठ्याच्या मेढीवर, या लाकडी खांबावर, हा जो काळा, चिकट थर तुम्हाला दिसतो, तो मी. हात मात्र लावू नका. माझा डाग साबणाने निघत नाही आणि घरी गेल्यावर बोलणी तुम्हालाच खावी लागतील. मी मोटारीचे जुने तेल आहे. एके काळी मी सोनेरी होतो असे सांगितले तर आज कोणी खरे मानत नाही. गुरेसुद्धा माझ्याकडे पाठ करून उभी राहतात.

मुंबईहून आगगाडीने, पत्र्याच्या डब्यात बसून मी मलकापूरला उतरलो. तेथून बुलढाण्याला जाण्यासाठी खासगी सर्व्हिस मोटारी असतात. त्यांतली एक नीळकंठची. शेती भावाच्या हवाली करून त्याने ही एकच मोटार घेतली होती. मालक तोच, हाकणारा तोच. घर तिच्यावर चालत होते आणि खरे सांगायचे तर त्याचा जीवही तिच्यातच अडकलेला होता.

इंजिनच्या पोटाखाली लोखंडी परातीसारखे भांडे असते. मोटारवाले त्याला चेंबर म्हणतात. माझा मुक्काम तेथे. इंजिन सुरू झाले की मी जाळीतून वर ओढला जाई, सगळीकडे फिरे आणि पुन्हा खाली येई. लोखंडाला लोखंड घासू द्यायचे नाही, एवढेच माझे काम. पण त्यावाचून मोटार मैलभरही धड गेली नसती. कचेरीचे कारकून, कापसाचे व्यापारी, माहेरी निघालेल्या बाया आणि त्यांची गाठोडी घेऊन आम्ही मोताळ्यावरून राजूरचा घाट चढत असू. रोज सकाळी नीळकंठ माझा थेंब दोन बोटांत चोळून पाहायचा आणि म्हणायचा, "सोनं हाय, सोनं." ते ऐकून मी फुगून जात असे. कोणी मला चांगले म्हटले की मला फार बरे वाटते, तो माझा स्वभावच आहे.

महिनाभरात मी काळा पडलो. त्याचे मला वाईट वाटले नाही. इंजिनमधली काजळी आणि लोखंडाची बारीक धूळ पोटात घेऊन निघून जाणे, हा तेलाचा धर्मच आहे. अमावास्येला मोटार बाहेर काढत नसत. सकाळीच ती धुवायची, लिंबू-मिरची बांधायची आणि तेल बदलायचे, अशी नीळकंठची रीत होती. त्या दिवशी त्याने चेंबरच्या तळाचे बूच उघडले. इंजिन रात्रभर थंड पडलेले, त्यामुळे आम्ही घट्ट झालो होतो आणि हळूहळू सरकत होतो.

एवढ्यात नीळकंठची आई, अन्नपूर्णाबाई, कुंकवाची कोयरी घेऊन आली. घमेल्यात पडणारी काळी धार पाहून ती दचकलीच.

"पुरं नको काढू रे! तळाले थोडं राहू दे."

"माय, हे तेल हाय. ज्वारी नाई."

"मंग? ज्वारी अन् मोटार, दोन्हीवरच घर चालते ना?"

तिच्या घरात ज्वारीची कणगी होती. शेणाने सारवलेली, माणसाएवढी उंच. नवी ज्वारी भरण्याआधी जुनी काढायची, पण तळाशी मूठभर ठेवायची, अशी तिच्या सासूपासूनची चाल. कणगी पुरी झाडली की घरातली बरकत जाते, असे ती मनापासून मानायची. तिच्या मनात वाकडे काहीच नव्हते, हे मी आजही शपथेवर सांगेन. नीळकंठ हसला आणि आईचे मन मोडायचे नाही म्हणून त्याने धार चालू असतानाच बूच लावले.

माझ्या पुढचे सगळे गेले. माझी पाळी आली, भोकातून उजेड दिसला आणि समोर बूच आले. शेरभर मी आत राहिलो.

मित्रांनो, कोंडले जाणे म्हणजे काय, ते मला विचारा. वरून नवे, सोनेरी तेल ओतले गेले आणि माझ्यामुळे ते दोन दिवसांत काळे झाले. नीळकंठ बोटावरचा थेंब पाहून पुटपुटायचा, "काऊन एवढं लवकर काळं पडते? दुकानदारानं भेसळ केली वाटते." दुकानदार बिचारा निर्दोष होता. मी आतून ओरडत होतो, पण तेलाचे ऐकतो कोण?

पुढच्या अमावास्येला बुचावर पाना लागल्याचा आवाज आला. आज तरी सुटू, असे वाटले. पण थंड सकाळ, तीच धार, तोच आईचा शब्द आणि तेच बूच. असे एक वर्ष गेले, दुसरे लागले. मी घट्ट होत गेलो. दर महिन्याची काजळी माझ्यावर बसत होती. पुढे पुढे तर बूच उघडले तरी मला हलता येईना. उजेड दिसायचा आणि जाता यायचे नाही. त्याहून वाईट गोष्ट अशी की मी आता जाळीपर्यंत चढलो होतो. जिच्यातून तेल वर जायचे तीच जाळी मी बुजवत होतो. ज्या इंजिनला जपण्यासाठी मला आणले, त्याचाच गळा माझ्या हातून दाबला जात होता. मी बाहेर पडलो नाही तर ते मरणार, हे मला कळत होते. सांगता येत नव्हते.

चैत्रातल्या एका दुपारी, राजूर घाटाच्या पहिल्याच वळणावर, जाळी पुरती बुजली. वर कोरडे लोखंड लोखंडावर आपटू लागले. टक्, टक्, टक्. नीळकंठने तो आवाज ऐकला आणि तत्काळ मोटार थांबवली. एक व्यापारी म्हणाला, "अहो, वरपर्यंत तं न्या!" नीळकंठने नाही म्हणून मान हलवली. लोक गाठोडी डोक्यावर घेऊन घाट चढू लागले. तो मात्र बॉनेटवर हात ठेवून, आजाऱ्याच्या उशाशी बसावे तसा, तेथेच बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी बैल जुंपून मोटार मलकापूरला घरी आणली. कापसाच्या जिनातले इंजिन सांभाळणारे इंद्रभान मिस्त्री आले आणि त्यांनी चेंबर खाली उतरवले. तळाशी मी होतो. दोन बोटे जाड, काळा चिखल.

"नीळकंठा, तेल पुरं कधी काढलं होतं?"

नीळकंठने आईकडे पाहिले नाही. "माह्याच हातून राहून गेलं, काका."

"खोटं काऊन बोलतं?" अन्नपूर्णाबाई पुढे आली. "मीच ठेवाले लावत होती. इंजिन गेलं का, भाऊ?"

इंद्रभान मिस्त्री बराच वेळ आत चाचपडत राहिले. मी मेल्याहून मेल्यासारखा पडून होतो. शेवटी ते म्हणाले, "एक बेरिंग घासलं. ते बदलू. वळणावर थांबला म्हणून वाचलं, बाई. घाट चढला असता तं इंजिन भंगारात द्यावं लागलं असतं."

ती खाली बसली. जुन्या लुगड्याचा तुकडा घेऊन तिने स्वतः मला खरवडायला सुरुवात केली. बोटे काळी झाली, बांगड्या काळ्या झाल्या. "मी दाणे ठेवाले सांगत होती," ती म्हणाली, "ही तं कीड हाय. कणगीत कोणी कीड ठेवते काय?"

मिस्त्रींनी नीळकंठला समजावले: मोटार फेरी करून आली की कोमट इंजिनचेच तेल काढायचे, सपाट जागी उभी करून, धार तुटून थेंब होईपर्यंत.

"अन् शेवटचा थेंब, काका?"

"त्याच्या मांगं नको लागू. चमचाभर राह्यलं तं नव्या तेलाले काई होत नाई. शेरभर ठेवू नको म्हणजे झालं."

वाळवी लागू नये म्हणून मला या मेढीला फासले. आता मी लाकडात मुरलो आहे. येथूनही मला जाता येत नाही, पण येथे मी कोणाचा गळा दाबत नाही.

मित्रांनो, कणगीत मूठभर दाणे जरूर ठेवा. पण ज्याचे काम संपले आहे, त्याला मायेने अडवू नका. त्याला वेळेवर वाट द्या. मी हे अनुभवाने सांगतो आहे.

आता अमावास्येऐवजी आदल्या दिवशी, फेरी संपल्यावर, मोटार या गोठ्यासमोर उभी राहते. अन्नपूर्णाबाई पाट घेऊन शेजारी बसते. नीळकंठ बूच लावायला उचलतो की ती म्हणते, "थांब, अजून येऊन राह्यलं." हे शब्द ऐकायला मी दीड वर्ष कोंडून राहिलो होतो. धार तुटते, थेंब पडू लागतात, मग तेही लांब लांब पडतात. शेवटी भोकाच्या कडेला एकच थेंब लोंबत राहतो.

"लाव आता," ती म्हणते. "येवढा राहू दे, बरकतीले."