पॅकिंग हॉलमधली एकुलती एक खुर्ची

"आसावरी, त्या मालूच्या पायांकडे बघ गं जरा. चप्पलसुद्धा शिरत नाहीये. बसायला दे तिला."

हॉलमधल्या सगळ्यांत जुन्या कामगार सुमतीकाकू असं म्हणाल्या तेव्हा आसावरी मॅडम माझ्यावरच बसल्या होत्या. कागदावरून नजरही न उचलता त्या म्हणाल्या, "काकू, एकीला बसवलं की उद्या सगळ्या बसतील."

मित्रांनो, मी एक जुनी, निळी, प्लास्टिकची खुर्ची आहे. या गोष्टीला तीन वर्षं होत आली. तरी ते वाक्य आठवलं की माझे पाय जड होतात.

साच्यातून निघाले तेव्हा मी अगदी चकचकीत होते. डोंबिवलीच्या एमआयडीसीत, मसाल्याची पाकिटं भरायच्या एका हॉलमध्ये मला आणून ठेवलं. तिथे वीसेक बायका दिवसभर उभ्याने काम करायच्या. खुर्ची मात्र एकच, मी. सुपरवायझर मॅडमची. मला त्याचा केवढा रुबाब वाटायचा! आता त्याचीच लाज वाटते.

मालू तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. कोपरहून, खाडीजवळच्या वस्तीतून यायची. आसावरी मॅडम वाईट नव्हत्या हो. रोज लांबूनच विचारायच्या, "मालू, बरी आहेस ना गं?" मालू म्हणायची, "बरी हाय मॅडम." झालं. तेवढ्यावर दोघींचं भागायचं.

त्या दिवशी मॅडम फोनवर बोलायला बाहेर गेल्या होत्या. मालू टेबलाला धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. चार पावलांवर मी रिकामी होते. ती आली नाही. मला जाता आलं नाही. मग ती कोसळली.

बाळ त्याच रात्री झालं. महिनाभर काचेच्या पेटीत होतं. मालू पुन्हा कामावर आली नाही. मॅडमना कोणी काही बोललं नाही. पुढे त्यांना स्वतःला दिवस गेले तेव्हा कंपनीने माझ्यावर मऊ उशी घातली. त्या बसल्याही. पण मुलगा, नील, झाल्यावर, कामावर परतल्यावर, त्या माझ्यावर नीट टेकेनात.

गेल्या महिन्यात बढतीसाठी ठाण्याला ट्रेनिंग होतं. तिथला एक कागद त्या घेऊन आल्या. त्यावर प्रश्न होता : 'आजवरच्या कामातून तुमचं नेतृत्वाचं तत्त्व काय ठरलं?' त्यांनी 'शिस्त' लिहिलं, खोडलं. 'टीमवर्क' लिहिलं, खोडलं. मग हळूच विचारलं, "काकू, मालू कोपरला नेमकी कुठे राहते हो?"

"तीन वर्षांनी विचारतेस?" काकू म्हणाल्या. पण पत्ता दिला.

माझ्या जागी नवी खुर्ची आणून ठेवून मॅडम मला घेऊन रिक्षात बसल्या. रिक्षावाला हसला, "काय मॅडम, आमची सीट टोचते काय?" मॅडम हसल्या नाहीत.

दारात मालू दिसली. मॅडम घामाने नुसत्या डबडबल्या होत्या. मालूने त्यांच्या हातातून मला घेतलं, पदराने पुसलं, पंख्याखाली ठेवलं. "पयले बसा मॅडम. मंग बोला."

मॅडमना बसवेना. "मालू, त्या दिवशी मी..."

"खुर्ची रिकामीच व्हती," मालू शांतपणे म्हणाली. "मी बगत व्हते तिच्याकडं. पन तुमची व्हती ना."

तेवढ्यात तिची लेक प्राप्ती, काचेच्या पेटीतलं तेच बाळ, भिंत धरत धरत आली. ती अजून आधाराशिवाय चालत नाही. डॉक्टर म्हणतात, चालेल. तिने माझी पाठ घट्ट धरली आणि उभी राहिली. मॅडम जमिनीवर बसल्या आणि रडल्या. मालूने पाणी दिलं. 'जाऊ द्या' मात्र म्हणाली नाही.

मी आता इथेच असते. परवा सुमतीकाकू येऊन सांगत होत्या, मॅडमनी त्या कागदावर एकच ओळ लिहिली : 'आधी बसायला द्यायचं, मग बोलायचं.' हॉलमध्ये आता वीस खुर्च्या आल्यात.

प्राप्ती रोज मला धरून उभी राहते. तिने हात सोडावा म्हणून मी वाट पाहते, आणि सोडला की घाबरते.

मित्रांनो, तुमच्या घरात, शाळेत, बिल्डिंगच्या गेटवर कोणीतरी सकाळपासून उभं असेल. विचारलंत तर 'बरी आहे' म्हणेल. तेवढ्यावर परत फिरू नका. जवळ जा, पायांकडे बघा, बसायला द्या. गोष्ट इथेच ठेवा आणि आधी त्यांना बघून या.